भरणारा माणूस

जऊळक्याच्या घरातली इन्व्हर्टरची बॅटरी मी बँकवाल्याच्या सवयीने बुडीत खात्यात टाकली होती. महिनोन्‌महिने रिकामी राहून पत्र्यांवर सल्फेट धरलेले, चूक माझीच. बॅटरीवाल्याने डिस्टिल्ड वॉटर घालून ती दोन दिवस मंद चार्जिंगला लावली, आणि मला गास्ताँ प्लांते आठवला.

१८३४ साली फ्रान्समधल्या ऑर्थेझला जन्मलेल्या या गृहस्थाला तरुणपणी पॅरिसजवळ एका अवाढव्य पक्ष्याचे जीवाश्म सापडले. पक्ष्याला त्याचेच नाव मिळाले. १८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड घालून, गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. भरायला वीज कुठली? दुसऱ्या बॅटऱ्यांचीच! भरायचे, रिकामे करायचे, पुन्हा भरायचे. त्यानेच पत्र्यांची साठवणशक्ती वाढत जाई. १८८९ मध्ये तो गेला.

माझ्या बॅटरीवर आता तासभर दिवा जळतो.