कमलाबाई गोखले : जीवन आणि अभिनयकार्य

मराठी रंगभूमीवरील स्त्रियांच्या पदार्पणाचा विचार करताना १९३३ सालच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचा निर्देश प्राधान्याने केला जातो. नाट्यमन्वंतर संस्थेच्या या प्रयोगात सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी भूमिका केल्या, हे त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्यापूर्वी कितीतरी वर्षे कमलाबाई गोखले यांनी अभिनय हे उपजीविकेचे साधन म्हणून पत्करले होते. त्यांच्या जीवनाचा आढावा घेताना ही वस्तुस्थिती दृष्टीआड करता येत नाही.

कमलाबाईंचा जन्म १९०० साली झाला. त्यांच्या मातुःश्री दुर्गाबाई कामत पतीपासून विभक्त झाल्यावर फिरत्या नाटक कंपनीत दाखल झाल्या. एकट्या स्त्रीला चरितार्थाचे मार्ग अत्यल्प होते आणि नाटकाचा मार्ग तर अप्रतिष्ठेचा मानला जाई. आईच्या या निर्णयामुळे कमलाबाईंचे बालपण कंपनीच्या बिऱ्हाडात गेले व बालवयातच त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या.

१९१३ हे वर्ष या संदर्भात विशेष लक्षणीय ठरते. त्या वर्षी मे महिन्यात प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात दादासाहेब फाळके यांना स्त्री कलावंत न मिळाल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांच्याकडून करवून घ्यावी लागली. जुलैमध्ये गंधर्व नाटक मंडळीची स्थापना होऊन बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांचे वैभवपर्व सुरू झाले. त्याच वर्षी फाळके यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटासाठी दुर्गाबाईंना पार्वतीची आणि किशोरवयीन कमलाबाईंना मोहिनीची भूमिका दिली. पुरुषाने साकारलेली स्त्री हाच अभिजात आदर्श ठरत असताना स्त्रीनेच स्त्रीची भूमिका करण्याचा प्रारंभ भारतीय चित्रपटात असा झाला.

पुढे कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथराव पूर्वी किर्लोस्कर मंडळीत होते. चित्ताकर्षक नाटक कंपनीत उभयतांनी कामे केली. परंतु हे सहजीवन अल्पायुषी ठरले. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले आणि मुलांच्या संगोपनाचा भार एकटीवर पडला. विधवेने घराच्या चौकटीत राहावे ही तत्कालीन अपेक्षा. कमलाबाईंनी मात्र अभिनय सोडला नाही; तो सोडणे त्यांना परवडणारेही नव्हते. बोलपटांच्या काळात त्या पुन्हा पडद्यावर आल्या. त्यांच्या चित्रपटांची संख्या सुमारे ३५ सांगितली जाते. पुत्र चंद्रकांत गोखले (१९२१-२००८) नामवंत अभिनेते झाले, लालजी व सूर्यकांत यांनी तबलावादनात नाव मिळविले, तर नातू विक्रम गोखले यांनी हा अभिनयाचा वारसा २०२२ मधील आपल्या निधनापर्यंत चालविला.

१९९० च्या दशकाच्या आरंभी रीना मोहन यांनी ‘कमलाबाई’ हा अनुबोधपट निर्माण केला. त्यामुळे वृद्ध कमलाबाईंच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जतन झाल्या. त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे निधन झाले.

कमलाबाईंचा निर्देश आद्य चित्रपट अभिनेत्री म्हणून होतो. एवढ्याने मात्र त्यांच्या कार्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. सुशिक्षित स्त्रियांचे रंगमंचावरील आगमन सुधारणेच्या इतिहासात नोंदले गेले. पोटासाठी आलेल्या स्त्रियांचे आगमन त्याआधीचे असूनही गौण ठरले. वस्तुतः पहिल्या गटाला प्रतिष्ठेने चालता आलेली वाट दुसऱ्या गटाने अप्रतिष्ठा सोसून आधीच तुडविली होती. कमलाबाईंचे चरित्र या वाटेची साक्ष देते.