विश्लेषण : पाठ केलेले विसरते का? हर्मन एबिंगहाउस यांनी ते कसे मोजले?

अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेतले की ‘स्मृती’ शिकताना एक नाव हमखास भेटते : हर्मन एबिंगहाउस. प्रश्नाच्या उत्तरापुरते ते पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. गंमत अशी, की पाठ केलेले किती वेगाने विसरते हेच मोजण्यासाठी या जर्मन संशोधकाने काही वर्षे खर्ची घातली. त्यांची आकडेवारी आजही अभ्यासाचे वेळापत्रक आखताना उपयोगी पडते.

कोण होते एबिंगहाउस?

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी जर्मनीतील बार्मेन येथे व्यापारी कुटुंबात झाला. १७ व्या वर्षी ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. इतिहास आणि भाषा शिकता शिकता ते तत्त्वज्ञानाकडे वळले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यात गेल्याने शिक्षण खंडित झाले. १८७३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शिकवण्या घेऊन त्यांनी गुजराण केली. याच काळात जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना गुस्ताव फेखनर यांचा ग्रंथ मिळाला. संवेदना गणिताने मोजता येतात, असे फेखनर यांनी दाखवले होते. मग स्मृती का मोजता येऊ नये, हा प्रश्न एबिंगहाउस यांच्या मनात पक्का झाला. स्मृतीसारख्या उच्च मानसिक प्रक्रियांवर प्रयोग शक्य नाही, असे मानण्याचा तो काळ होता.

प्रयोग कसा केला?

प्रयोगशाळा नव्हती, सहकारी नव्हते. प्रयोग करणारे तेच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तेही तेच. ओळखीचे शब्द वापरले तर जुन्या आठवणी मदतीला येतात. म्हणून त्यांनी दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले; आपल्याकडे ‘झुप’, ‘गेब’ म्हणावे तसे. त्यांच्या याद्या मिनिटाला १५० ठोक्यांच्या ठेक्यावर वाचायच्या, न चुकता म्हणता येईपर्यंत घोकायच्या आणि ठरावीक काळानंतर पुन्हा पाठ करायच्या. १८७९-८० मध्ये हे प्रयोग झाले. त्यावर समाधान न मानता १८८३-८४ मध्ये त्यांनी ते पुन्हा केले. १८८५ मध्ये स्मृतीवरील त्यांचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले.

आकडे काय सांगतात?

त्यांनी ‘बचत पद्धत’ वापरली. समजा, यादी पहिल्यांदा पाठ करायला १०० सेकंद लागले आणि दुसऱ्यांदा ६० सेकंद, तर बचत ४० टक्के. अशी मोजलेली बचत २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के, सहा दिवसांनी २५ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के निघाली. म्हणजे घसरण सुरुवातीला तीव्र असते, नंतर मंदावते. हाच प्रसिद्ध ‘विस्मरण वक्र’.

दुसरा निष्कर्ष परीक्षार्थींसाठी अधिक मोलाचा. १२ अक्षरगटांच्या यादीची एकाच दिवशी ६८ वेळा उजळणी करून दुसऱ्या दिवशी जो लाभ मिळाला, साधारण तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांतून मिळाला. तिसरे म्हणजे, अर्थपूर्ण कवितेचे कडवे पाठ करायला निरर्थक अक्षरगटांच्या सुमारे एक दशांश श्रम पुरले.

पुढे काय झाले?

१८९० मध्ये त्यांनी आर्थर क्योनिग यांच्यासह मानसशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. मात्र १८९४ मध्ये बर्लिन विद्यापीठातील मानाचे पद कार्ल स्टुम्फ यांना मिळाले. एबिंगहाउस यांचे प्रकाशित लेखन थोडे असणे, हे त्याचे एक कारण मानले जाते. ते ब्रेस्लाऊला गेले. तिथे शाळकरी मुलांची मानसिक क्षमता तपासण्यासाठी त्यांनी गाळलेल्या जागा भरण्याची चाचणी तयार केली. १९०५ मध्ये ते हाले येथे गेले. २६ फेब्रुवारी १९०९ रोजी, ५९ व्या वर्षी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे?

वर्गात शिकवलेले त्याच दिवशी एकदा पाहावे, कारण मोठी गळती पहिल्याच दिवशी होते. परीक्षेच्या आदल्या रात्री दहा वेळा वाचण्यापेक्षा तीच उजळणी आठवड्यांत विभागावी. व्याख्या घोकण्याआधी तिचा अर्थ समजून घ्यावा, रोजच्या जगण्यातले उदाहरण जोडावे. मानसशास्त्रात संज्ञा आणि संशोधकांची नावे भरपूर असल्याने ही सवय तिथे विशेष फळते.

मर्यादा कोणती?

हे सारे आकडे एकाच माणसाचे आणि निरर्थक अक्षरांचे आहेत. समजून घेतलेला धडा इतक्या वेगाने विसरत नाही. त्यामुळे ही टक्केवारी जशीच्या तशी प्रत्येकाला लागू होत नाही. उत्तरपत्रिकेत ही मर्यादा लिहिणाऱ्याला विषय कळला, असे समजावे. तरीही वक्राचा आकार टिकून आहे : २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हाती आलेला वक्र मूळ वक्राशी बराच जुळला.