एक्स्प्लेनर : पायांचा विमा, सैनिकांच्या बराकीत फोटो… कोण होत्या ‘कोनी आयलंड’च्या नायिका बेटी ग्रेबल?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील कोनी आयलंड म्हणजे समुद्रकिनारा, पाळणे, झुले आणि जत्रेसारखी गर्दी. याच ठिकाणी घडणारा ‘कोनी आयलंड’ हा संगीतपट १९४३ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात गायिका केट फार्लीची भूमिका करणाऱ्या बेटी ग्रेबल त्याच वर्षी अमेरिकेत तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकाच्या स्टार ठरल्या. मात्र त्यांच्या अभिनयापेक्षा पायांचीच चर्चा जास्त झाली. असे का झाले?

सुरुवात कशी झाली?

बेटी यांचा जन्म १८ डिसेंबर १९१६ रोजी मिसूरी राज्यातील सेंट लुईस येथे झाला. मुलीला स्टार करायचेच, हा आई लिलियन यांचा हट्ट होता. त्या लेकीला घेऊन हॉलीवूडला आल्या. समूहनृत्यात उभे राहायला बेटी यांचे वय कमी होते, म्हणून आईने ते वाढवून सांगितले. पुढची दहा वर्षे छोट्या भूमिका आणि एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत जाण्यात गेली.

पहिल्या लग्नाचा कायद्याशी काय संबंध?

१९३७ मध्ये त्यांनी जॅकी कूगन यांच्याशी लग्न केले. चॅप्लिन यांच्या ‘द किड’मधील लहान मुलगा तो हाच. बालकलाकार म्हणून कमावलेले लाखो डॉलर आई आणि सावत्र वडिलांनी खर्च केल्याचे कळल्यावर कूगन कोर्टात गेले. हाती आली ती थोडीच रक्कम. या प्रकरणामुळे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला.

नशीब कधी पालटले?

१९४० मध्ये ॲलिस फे आजारी पडल्या आणि फॉक्स स्टुडिओच्या ‘डाउन अर्जेंटाइन वे’मध्ये बेटी यांना संधी मिळाली. तो टेक्निकलरचा काळ होता. या तंत्रात कॅमेऱ्यातील प्रिझम प्रकाशाची विभागणी करून तो तीन फिल्मवर टिपत असे. त्यासाठी सेटवर प्रखर दिवे लागत. त्या प्रकाशात बेटी यांचे सोनेरी केस आणि गोरा वर्ण खुलून दिसायचा.

‘कोनी आयलंड’मध्ये नायक केटला संयमाने गायला शिकवतो. तिने हातवारे करू नयेत म्हणून तो चक्क तिला हातकड्या घालतो. प्रसंग विनोदी आहे, पण नायिकेने कसे दिसायचे हे दुसऱ्याने ठरवायचे, ही तेव्हाच्या स्टुडिओंचीही रीत होती.

‘तो’ फोटो का गाजला?

फॉक्सचे छायाचित्रकार फ्रँक पॉवोल्नी यांनी स्विमसूटमधील बेटी यांचा, पाठमोऱ्या उभ्या राहून मागे वळून पाहतानाचा फोटो काढला. दुसऱ्या महायुद्धात तो सैनिकांच्या बराकींमध्ये लागला, विमानांवरही रंगवला गेला. पायांचा १० लाख डॉलरचा विमा उतरवल्याची जाहिरात झाली. हा विमा मुळात स्टुडिओच्या प्रसिद्धीचा भाग होता.

पुढे काय झाले?

१९४३ मध्येच त्यांनी बँडप्रमुख हॅरी जेम्स यांच्याशी लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या. १९४२ ते १९५१ अशी सलग दहा वर्षे त्या तिकीटबारीवरील पहिल्या दहा स्टारमध्ये होत्या. अमेरिकेतील सर्वाधिक पगार घेणाऱ्या महिलांमध्येही त्यांची गणना झाली. १९५० मध्ये ‘कोनी आयलंड’चीच कथा शिकागोत नेऊन ‘वॉबॅश ॲव्हेन्यू’ बनला, नायिका पुन्हा त्याच.

१९५३ च्या ‘हाउ टू मॅरी अ मिलियनेअर’मध्ये मर्लिन मन्रो सोबत होत्या. दोघींचे खटके उडतील, हा अंदाज फोल ठरला. बेटी यांनी मर्लिनना सांभाळून घेतले. त्याच वर्षी फॉक्सशी त्यांचा करार संपला आणि १९५५ नंतर त्या चित्रपटांत दिसल्या नाहीत. रंगमंचावर मात्र काम सुरू होते. १९६५ मध्ये दुसरा घटस्फोट झाला.

२ जुलै १९७३ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५६.

आज त्यांची आठवण का?

स्टुडिओने त्यांना एका फोटोत बसवले. पण त्यांची खरी मिळकत होती लहानपणापासूनचा नाच-गाण्याचा सराव आणि दहा वर्षे टिकवलेला प्रेक्षक. ‘कोनी आयलंड’ पाहताना पायांपलीकडची ही मेहनतही दिसते.