नांदगावचे गणेश दैवज्ञ

आपल्या रायगड जिल्ह्याने काय दिलं असं विचारलं, की पोरं पटापट किल्ल्यांची नावं घेतात. मला मात्र मुरुडजवळचं नांदगाव आठवतं. तिथले गणेश दैवज्ञ, जन्म १५०७.

वडील केशव दैवज्ञ स्वतः ज्योतिर्विद, १४९६ सालच्या 'ग्रहकौतुक'चे कर्ते. त्यामुळे गणिताचं बाळकडू घरातच मिळालं. गणेशांच्या 'ग्रहलाघव' ग्रंथातलं गणित १५२० सालापासून सुरू होतं. म्हणजे तेव्हा वय वर्षं तेरा! या ग्रंथात त्यांनी 'ज्या' म्हणजे आपलं साईन टाळलं आणि अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र धरून आकडे छोटे ठेवले. महाराष्ट्रातले पंचांगकर्ते पुढे कित्येक पिढ्या त्यावरच पंचांगं करत राहिले.

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण दुसऱ्या ग्रंथात आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) सूत्रं श्लोकात आहेत, सिद्धता नाहीत. गणेशांनी १५४५ साली तिच्यावर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि सूत्रांच्या उपपत्ती दिल्या. सूत्र बरोबर का, हे सांगितलं.

'लीलावती'तलंच एक सूत्र बघा. घनांची बेरीज म्हणजे साध्या बेरजेचा वर्ग. १+८+२७ = ३६ आणि १+२+३ = ६, सहाचा वर्ग ३६. तीनला जमलं म्हणून तीनशेला जमेल कशावरून?

आज आपण इथे गणिती विगमन वापरतो. गणेशांची रीत ही नव्हती, पण प्रश्न हाच. समजा, खोपोली लोकल कर्जतहून सुटली आणि आलेल्या प्रत्येक स्टेशनातून ती पुढच्यात जातेच. मग पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली येणारच. खालापूर तालुक्यात रूळ संपतात, 'न' मात्र संपत नाही.

न = १ ला दोन्ही बाजू १. गाडी सुटली. आता 'न' पर्यंतची बेरीज न²(न+१)²/४ माना. तीत (न+१)³ मिळवा. (न+१)²/४ बाहेर काढला की कंसात उरतं न²+४न+४, म्हणजे (न+२)². पुढचं स्टेशन आलं!

मित्रांनो, सूत्र पाठ करून पेपर निघतो, नाही असं नाही. पण उद्या पुलाचं किंवा धरणाचं गणित आपल्या सहीने जाईल, तेव्हा पुस्तकात होतं एवढं उत्तर पुरणार नाही. भास्कराचार्यांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही गणेशांनी 'का' सोडला नाही. आपणही सोडू नये.