लॉर्ड लिस्टर व त्यांची मलमपट्टी

खेळतांना गुडघा फुटला कीं तुम्ही पट्टी बांधून घेतां आणि पुन्हां मैदानाकडे धांव ठोकतां. त्या पट्टीखालीं जखम मुकाट्यानें भरून येईल, याविषयीं तुमच्या मनांत शंकाहि येत नाहीं. परंतु दीडशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं युरोपांतील मोठमोठ्या इस्पितळांतसुद्धां हा भरंवसा कोणास देतां येत नसे. तो ज्यांनीं जगास मिळवून दिला, त्या थोर पुरुषाचें हें अल्प चरित्र आहे.

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजीं इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील अप्टन येथें झाला. त्यांचें घराणें क्वेकर पंथाचें. साधी राहणी, सत्य भाषण व सतत उद्योग हीं त्या घरचीं व्रतें होतीं. वडील व्यापारी असून फावल्या वेळीं सूक्ष्मदर्शक यंत्राच्या भिंगांचा अभ्यास करीत. त्यांत त्यांनीं केलेल्या सुधारणा इतक्या मोलाच्या ठरल्या कीं, रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद करून घेतलें. जें डोळ्यांस दिसत नाहीं त्याचाहि शोध घ्यावा, ही संवय लिस्टर यांस घरींच लागली.

१८५२ सालीं लंडन येथें वैद्यकाची पदवी मिळवून पुढील वर्षीं ते एडिंबरो येथें साइम या प्रख्यात शस्त्रवैद्याकडे शिकावयास गेले. १८५६ सालीं साइम यांच्या कन्या ॲग्नेस यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. या बाईंनीं जन्मभर पतीच्या कार्यास हातभार लाविला. पति सांगत आणि प्रयोगांच्या वह्या त्या आपल्या हातानें लिहून काढीत.

१८६० सालीं लिस्टर ग्लासगो विद्यापीठांत शस्त्रविद्येचे प्राध्यापक झाले व पुढील वर्षीं तेथील रॉयल इन्फर्मरी या इस्पितळाचे रुग्णकक्ष त्यांच्या हातीं आले. तेथील देखावा हृदयद्रावक होता. शस्त्रक्रिया उत्तम व्हावी, परंतु थोड्याच दिवसांत जखमेंत पू व्हावा, मांस सडावें आणि रोगी दगावावा, असें वारंवार घडे. मोडलेलें हाड कातडी फाडून बाहेर आलें असेल, तर पुष्कळदां तो अवयवच कापून टाकीत. याचें खापर दूषित हवेवर फोडून वैद्य मंडळी स्वस्थ बसत असत.

१८६५ सालीं रसायनशास्त्राचे प्राध्यापक अँडरसन यांनीं लिस्टर यांस फ्रान्समधील पाश्चर यांच्या शोधांची माहिती दिली. पदार्थ कुजतो तो केवळ हवेमुळें नव्हे, तर तींतील सूक्ष्म जंतूंमुळें, असें पाश्चर यांनीं दाखविलें होतें. लिस्टर यांच्या मनांत लख्ख प्रकाश पडला. जखमेंतहि हेंच घडत असलें पाहिजे! कार्लाइल गांवीं गटारांच्या घाणीची दुर्गंधी घालविण्यासाठीं कार्बॉलिक ॲसिड वापरतात, हें त्यांनीं ऐकलें होतें. तेंच त्यांनीं हातीं घेतलें.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें जेम्स ग्रीनलीझ या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचें चाक गेलें. हाड मोडून जखम उघडी पडली होती. लिस्टर यांनीं तीवर कार्बॉलिकमध्यें भिजविलेलें कापड ठेवविलें. जखम सडली नाहीं. सुमारें सहा आठवड्यांनीं हाड सांधलें आणि मुलाचा पाय वांचला. १८६७ सालीं लिस्टर यांनीं अशा ११ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं एक दगावला, एकाचा अवयव कापावा लागला आणि बाकीचे नऊ धडधाकट झाले.

दुसरा कोणी असता, तर या यशानें संतुष्ट झाला असता. परंतु लिस्टर यांची खरी परीक्षा येथूनच सुरू झाली. कार्बॉलिक जंतूंस मारी, पण तें कातडीहि भाजून काढी. शिवाय तें लवकर उडून जाई. म्हणजे आज राखण करणारी पट्टी उद्यां निकामी. जंतूंस अडवील पण जखमेस दुखविणार नाहीं, आणि नेमलेले दिवस इमानानें टिकेल, असें पांघरूण कसें बनवावें, या एकाच प्रश्नाचा त्यांनीं पुढें अनेक वर्षें पिच्छा पुरविला.

प्रथम त्यांनीं जवसाचें तेल, खडूची पूड व कार्बॉलिक यांचें लुकण करून पाहिलें. तें ठिसूळ होई. मग लाख व कार्बॉलिक एकत्र करून तो लेप कापडावर पसरला. (ही लाख बहुतेक आपल्या हिंदुस्थानच्या अरण्यांतूनच विलायतेस जात असे.) तो कातडीस चिकटूं नये म्हणून त्यावर गटापर्चाचा अगदीं पातळ पापुद्रा चढविला. पुढें जखमेलगत ठेवण्यासाठीं त्यांनीं तेल पाजलेल्या रेशमी कापडावर वार्निशाचा हात दिला. या पडद्यांतून वरचें कार्बॉलिक झिरपत नसे. त्यामुळें नाजूक नव्या कातडीस औषधापासूनच संरक्षण मिळे. त्यावर कार्बॉलिक, राळ व पॅराफीन यांत भिजविलेल्या जाळीदार कापडाचे आठ पदर येत. सर्वांत वरच्या पदराखालीं रबर लावलेलें कापड असे. तें नसेल तर जखमेंतील पाणी सरळ वर येऊन त्या जागेचें औषध धुवून नेई. तें असलें म्हणजे पाण्यास सर्व पदरांतून वाट काढीत कडेपर्यंत जावें लागे, आणि वाटेंत जंतूंस थारा मिळत नसे. एका पदराचें काम दुसऱ्यास करतां येत नव्हतें. पण सर्व मिळून जखम राखीत.

रक्तवाहिनी बांधण्याचा धागा हीहि अशीच अडचण होती. रेशमी धागा आंत राहून पू धरी. १८६८ च्या डिसेंबरांत लिस्टर यांनीं एका वासराच्या मानेंतील रक्तवाहिनी आंतड्याच्या तांतीनें बांधली. महिन्यानें पाहतां तांतीच्या जागीं जिवंत पेशीजाल तयार झालें होतें. परंतु ही तांत कधीं कधीं फारच लवकर विरघळे. तेव्हां १८८१ सालीं त्यांनीं क्रोमिक ॲसिडानें ती टिकाऊ करण्याची रीत मांडली. कार्बॉलिकच्या कापडानेंहि त्यांचें समाधान झालें नाहीं. १८८९ सालीं, वयाची साठी उलटल्यावर, त्यांनीं पारा व जस्त यांच्या संयुगाचें नवें कापड पुढें आणिलें.

प्रतिपक्षी हंसून म्हणत कीं, हा गृहस्थ दरवर्षीं आपली रीत बदलतो. त्यांस हें उमगलें नाहीं कीं, जो आपल्या कृतीचे दोष स्वतः शोधतो, त्याचीच कृति शेवटीं विश्वासास पात्र होते. हवेंतील जंतु मारण्यासाठीं लिस्टर कित्येक वर्षें कार्बॉलिकचे तुषार उडवीत. पुढें ते अनवश्यक आहेत अशी त्यांची खात्री झाली, तेव्हां १८९० सालीं बर्लिन येथें जगांतील वैद्यांच्या परिषदेंत त्यांनीं आपली चूक उघडपणें कबूल केली. एवढ्या कीर्तिमान पुरुषास हें किती जड गेलें असेल! पण रोग्याच्या जिवापुढें त्यांनीं आपला मान मोठा मानला नाहीं.

१८९३ सालीं ॲग्नेसबाई निवर्तल्या. १८९५ ते १९०० पर्यंत लिस्टर रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८९७ सालीं त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. १० फेब्रुवारी १९१२ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

आज जखमेवर कार्बॉलिक कोणी ओतीत नाहीं. वाफेनें शुद्ध केलेलें कापड, पारदर्शक पातळ पटलें, ठरल्या मुदतींत विरघळणारे टांके हीं साधनें आलीं आहेत. परंतु प्रत्येक नव्या साधनास आजहि तेच प्रश्न विचारले जातात: तें जंतूंस अडवितें काय? शरीरास इजा करितें काय? लागेल तितके दिवस टिकतें काय? हे प्रश्न लिस्टर यांनीं दुसऱ्यांच्या कामास विचारण्यापूर्वीं आपल्या कामास विचारले. मुलांनो, गणिताचें उत्तर जुळलें तरी एकदां पडताळून पाहण्याचा ज्यांस कंटाळा येतो, त्यांनीं पुढच्या वेळीं गुडघ्यावर पट्टी बांधून घेतांना या पुरुषाची आठवण करावी.