एकोणचाळीस आकड्यांचा मानकरी

आपल्याला आकडे लागतात ते किराण्याच्या बिलापुरते, फार तर पासबुकापुरते. १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही एकोणचाळीस आकडी संख्या मात्र कुठल्याच खातेवहीत यायची नाही. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या. संगणक नसताना, १८७६ साली, हे सिद्ध केले एदुआर ल्युका या फ्रेंच शिक्षकाने.

ल्युकाचा जन्म १८४२चा, आमियाँ गावचा. पॅरिसला शिक्षण झाले, तिथल्याच वेधशाळेत नोकरी लागली. १८७०च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता. युद्ध संपले आणि त्याने शाळेचा फळा जवळ केला, तो अखेरपर्यंत.

दोनाला दोनाने गुणत जावे आणि शेवटी एक वजा करावा, की ३, ७, १५, ३१ अशा संख्या मिळतात. त्यांतल्या मूळ कोणत्या, याची एक यादी मेर्सेन या धर्मगुरूने १६४४ साली दिली होती. तीत दोनाचा १२७ वा घात उणे एक, म्हणजे वरची आपली संख्या होती. पण यादीत नाव असणे वेगळे आणि ताळा जुळणे वेगळे! एकेका संख्येने भागून पाहायचे तर कित्येक जन्म पुरले नसते.

ल्युकाने भागाकाराची वाटच सोडली. तीनापासून निघायचे, वर्ग करून दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागून उरेल ती बाकी पुढे न्यायची. १२७ ही छोटी संख्या घ्या, म्हणजे दोनाचा सातवा घात उणे एक: ३, ७, ४७, ४८, १६ आणि मग शून्य. पाचव्या पायरीला बाकी शून्य, म्हणून १२७ मूळ. एकोणचाळीस आकड्यांसाठी अशा १२५ पायऱ्या! याच सुमारास मेर्सेनच्या यादीतला ६७ वा घात खोटा असल्याचेही त्याने दाखवले. त्या संख्येचे अवयव मात्र कोल या अमेरिकन गणितज्ञाने १९०३ साली शोधले.

हाच माणूस मुलांसाठी खेळणीही करी. तीन खुंट्या आणि चकत्यांचा हानोईचा मनोरा त्याने १८८३ साली टोपणनावाने बाजारात आणला. त्याबरोबर काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची रचलेली कथाही जगभर गेली.

१८९१ साली मार्सेयच्या विज्ञान परिषदेतल्या मेजवानीत वाढप्याच्या हातून बशी फुटली आणि तिची कपची ल्युकाच्या गालाला लागली. जखम चिघळून थोड्याच दिवसांत, ३ ऑक्टोबरला, तो गेला. वय अवघे ४९. प्रतिजैविके तेव्हा कुठे होती?

त्याची संख्या १९५१ पर्यंत सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. लेमरने १९३० साली त्याची रीत अधिक सोपी केली. २०२४ साली सापडलेल्या ४,१०,२४,३२० आकडी मूळ संख्येवरही याच रीतीने शिक्कामोर्तब झाले.

आज रविवार आहे. मुलांना घेऊन बसा, पुठ्ठ्याच्या लहानमोठ्या तीन चकत्या कापा. एका वेळी एकच उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. मनोरा कमीत कमी सात चालींत हलतो. पाच चकत्यांना ३१ चाली, सात चकत्यांना १२७. आणि १२७ चकत्यांना? तोच तो एकोणचाळीस आकडी मानकरी!