स्वांटे आऱ्हेनियस आणि हिमयुगाचे गणित

स्वांटे आऱ्हेनियस यांचा जन्म स्वीडन देशात, उप्साला नगरानजीक, १९ फेब्रुवारी १८५९ रोजी झाला. क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते, यावरील त्यांचा प्रबंध १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाने स्वीकारला खरा, परंतु श्रेणी इतकी खालची दिली की अध्यापकपदाची वाट जवळजवळ बंद झाली. त्या प्रबंधातूनच वाढलेल्या सिद्धांतासाठी १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले! आमच्या विद्यार्थ्यांना ही हकीकत फार आवडेल, हे आम्ही जाणतो. तथापि आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या दुसऱ्याच एका कार्याविषयी.

युरोपचा मोठा भाग एके काळी बर्फाखाली होता, हे भूशास्त्रज्ञांस ठाऊक होते. कारण मात्र उमगत नव्हते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. तोच कमी झाला असेल तर? १८९४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी आऱ्हेनियस हे गणित मांडावयास बसले. चंद्राकडून येणाऱ्या उष्णकिरणांची अमेरिकेत झालेली मोजमापे त्यांनी आधारास घेतली. कागद, लेखणी आणि सहस्रावधी आकडे. वर्षभर हेच चालले. याच काळात त्यांचा नवा संसार मोडला. १८९६ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले: हा वायू शेकडा ५५ ते ६२ इतकाच उरला, तर युरोपच्या अक्षांशांवर तपमान ४ ते ५ अंशांनी उतरेल.

हे पडताळावयाचे तर हिमयुगातली हवाच हवी. ती आणावी कोठून? २ ऑक्टोबर १९२७ रोजी आऱ्हेनियस निवर्तले, तोवर या प्रश्नास उत्तर नव्हते.

ती हवा ध्रुवप्रदेशी जपलेली होती. तेथील हिम वितळत नाही. थरांवर थर चढून सुमारे शंभर मीटर खोलीवर त्याचे घट्ट बर्फ बनते आणि हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. अंटार्क्टिकावर वोस्तोक येथे दोन हजार मीटरहून खोल वेध घेऊन बर्फाचे स्तंभ काढण्यात आले. निर्वात पात्रात बर्फ फोडून मोजलेल्या हवेचे आकडे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दशलक्ष भागांत हा वायू हिमयुगात सुमारे १९०, तर उबदार काळात सुमारे २८० होता. म्हणजे दोनतृतीयांशांच्या आसपास. हिमयुगांचा आरंभ पृथ्वीच्या भ्रमणकक्षेतील फरकांमुळे होतो व हा वायू त्या थंडीत भर घालतो, हे मात्र आऱ्हेनियस यांच्या हिशेबात नव्हते.

कोळशाच्या धुराने हा वायू वाढेल, हेही त्यांनी ओळखले होते; पण त्यास काही सहस्रके लागतील, असा त्यांचा प्रथम अंदाज होता. येणारी ऊब त्यांना हवीशी वाटे. स्वीडनच्या हिवाळ्यात वाढलेल्या माणसाचे यात आम्हांस नवल वाटत नाही. प्रत्यक्षात २८० वरून ४२० च्या पुढे जाण्यास सव्वादोन शतकेच पुरली.